सहा आठवडे नव्हे, आठ महिने

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मंडळात निम्म्याहून जास्त डॉक्टरांच्या बायका आहेत. हे मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांच्या घरात डॉक्टर नाही त्यांना हे सांगायची फारशी गरज नाही. बरं वाटेनासं झालं की त्या अपॉइंटमेंट घेतात आणि जातात. आपण जात नाही. आपण नवऱ्याला विचारतो. तो पेपरातून डोकं वर न काढता "काही नाही, गॅसेस आहेत" म्हणतो आणि आपण चहा टाकायला उठतो.

मला ओव्हरीचा कॅन्सर झाला होता. "होता" असं लिहिताना हात अजून अडखळतो, पण शेवटचा स्कॅन चांगला आला आहे, म्हणून लिहिते. औषधांची नावं आणि आकडे यात मिळणार नाहीत. ते सांगायला तुमच्याकडे घरचेच डॉक्टर आहेत.

माझे मिस्टर भूलतज्ज्ञ. बत्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढली. लेखभर "हे" "हे" लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा, म्हणून नाव लिहिते, श्रीधर. समोर मी अजून "अहो"च म्हणते. मी स्वतः बावीस वर्षं मेडिकल सेक्रेटरी होते. कानात हेडफोन घालून डॉक्टरांनी सांगितलेली पत्रं टाइप करायची, हे माझं काम. ही गोष्ट शेवटी एका पत्रावरच येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

बेट

रिटायर झाल्यावर पुण्यात फ्लॅट घ्यावा असं माझं म्हणणं होतं. श्रीधर म्हणाले, "पुण्यात राहिलो तर रोज सकाळी दारात नातेवाईक. हातात एक्स-रे घेऊन." ते काही खोटं नव्हतं. त्याआधी बँकॉकला एक कॉन्फरन्स होती, तिला जोडून आम्ही चार दिवस थायलंडच्या आखातातल्या एका बेटावर राहिलो होतो. तिथून आल्यापासून यांच्या डोक्यात तेच. मुलगी अदिती लंडनजवळ क्रॉयडनला नोकरीला, तिचं तिचं आयुष्य मार्गी लागलेलं. आम्ही इथलं घर विकलं, सामान वाटलं आणि गेलो. बेटावर जाऊन राहणारं आमच्या मंडळातलं पहिलंच जोडपं म्हणून आमचा निरोपसमारंभही झाला.

पहिले तीन महिने मी रोज रडले. लाकडी घर, मागे नारळाची झाडं, पाच मिनिटांवर समुद्र, हे सगळं फोटोत छान दिसतं. पण चण्याची डाळ मिळेना, कढीपत्ता मिळेना. छतावरची पाल आपल्या पालीच्या तिप्पट मोठी आणि खणखणीत आवाजात ओरडणारी. पावसाळ्यात वारा सुटला की फेरी बंद, आणि फेरी बंद झाली की दुकानातली फळ्यांवरची भाजी दोन दिवसांत संपलेली. लाइट गेले की श्रीधर मजेत व्हरांड्यात बसून राहायचे आणि मी फ्रिजमधल्या दुधाची चिंता करत बसायची.

मला तिथे रुळवलं ते शेजारच्या पी नॉयनं. "पी" म्हणजे थाईत ताई. तिची रस्त्याला लागून नूडल्सची छोटी खाणावळ. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहानच असावी, पण तिनं सांगितलं पी म्हण, मी म्हणू लागले. तीही मला पीच म्हणायची. एकमेकींची भाषा जेमतेम वीस शब्द यायची, आणि तेवढ्यावर आम्ही तासन्‌तास बोलायचो. तिच्या रश्शात आमसुलासारखी एक वाळवलेली आंबट फोड असते. ती चाखल्या दिवशी मी दोन वाट्या रस्सा प्याले आणि घरी येऊन त्याच फोडींची सोलकढी केली. नारळाला तर तिथे तोटाच नव्हता.

आणि तिनं मला पोहायला शिकवलं. साठाव्या वर्षी. टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट घालून आम्ही दोघी सकाळी पाण्यात उतरायचो. कोळ्यांनी होड्या बांधायला एक निळं पिंप पाण्यावर तरंगत ठेवलं होतं. वर्षभरात मी त्या पिंपापर्यंत जाऊन हात लावून परत यायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला न विचारता काहीतरी करत होते, आणि मला ते फार आवडायचं.

वही

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ती पोहायची पँट कमरेला घट्ट व्हायला लागली. श्रीधर हसले. म्हणाले, "नारळाचं दूध. सांगत होतो मी." मी नारळ कमी केला. मग अर्ध्या पोळीतच पोट भरायला लागलं. श्रीधरनी गॅसेसच्या गोळ्या दिल्या. मग दूध बंद. मग गहू बंद. मग इसबगोल. सारखी लघवीला जायला लागले, तर म्हणाले, वयाप्रमाणे होतं.

त्यांनी वाईट हेतूनं काहीच केलं नाही, हे मला आधी लिहायला हवं. ते माझी काळजीच घेत होते, त्यांच्या पद्धतीनं. एप्रिलमध्ये त्यांनी दुकानातून एक शाळकरी वही आणली, वरती हत्तीचं चित्र असलेली, आणि म्हणाले, "रोज काय खातेस आणि काय होतं, लिहून ठेव. पॅटर्न सापडेल." मी सेक्रेटरी. मी पहिल्या पानावर फेब्रुवारीपासूनचं जेवढं आठवलं तेवढं तारखा घालून उतरवलं, आणि मग रोज लिहीत गेले. "दोन चमचे भात, पोट टम्म." "आज पिंपापर्यंत गेले नाही, दम लागला." "रात्री डाव्या कुशीवर झोपता येत नाही." दर रविवारी ती वही मी त्यांच्यापुढे ठेवायची. ते चाळायचे आणि एखादा पदार्थ कमी करायचे.

बेटावर दवाखाना होता, वीस मिनिटांवर. मी एकदा म्हटलं, "दाखवून येऊ का?" तेव्हा श्रीधर म्हणाले, "माझ्याहून काय वेगळं सांगणार आहेत ते?" मी तो विषय सोडला. मैत्रिणींनो, तेहेतीस वर्षांच्या संसारात मी एकदाही दुसऱ्या डॉक्टरकडे स्वतःहून गेले नव्हते. बाळंतपण सोडून. तसं जाणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं, असं माझ्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे, पण ते पक्कं बसलेलं होतं.

पुअत थाँग

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी पाण्यात उतरले आणि कमरेइतक्या पाण्यातच उभी राहिले. पोट इतकं जड झालेलं की पुढे जायचा धीर होईना. पी नॉयनं पाहिलं. तिनं माझ्या टी-शर्टवरून पोटाला हात लावला आणि विचारलं, "पुअत थाँग?" म्हणजे पोट दुखतंय? मी मान डोलावली. तिनं बोटं पुढे केली, किती दिवस? मी हाताची पाच बोटं दाखवली, मग तीन. तिला वाटलं आठ दिवस. मी म्हटलं, नाही, महिने. महिन्याला मला त्यांचा शब्द येत होता.

तिनं खाणावळ तशीच उघडी टाकली, मला ओल्या कपड्यांनिशी स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. श्रीधरना तिनं जाता जाता हाक मारून सांगितलं, ते मागून रिक्षानं आले.

तिथली डॉक्टर अदितीहूनही लहान असेल. तिनं आधी श्रीधरना बाहेर बसायला सांगितलं. मग सोनोग्राफी करता करता मला इंग्रजीत विचारलं, किती दिवस होतंय असं. मी सांगितलं, एट मंथ्स. तिचा हात जरा थांबला. मग तिनं श्रीधरना आत बोलावलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी चष्मा लावला. काढला. परत लावला. मी त्यांच्याकडेच बघत होते, स्क्रीनकडे नाही. मला त्यातलं काय कळणार होतं? त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. ते एवढंच म्हणाले, "पोटात पाणी झालंय, सुलू. बाकी स्कॅन करून बघू." आवाज अगदी रोजचा. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा.

दुसऱ्या दिवशी स्कॅनसाठी फेरीनं पलीकडे निघालो. डेकवर बसल्यावर माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. तिथे दवाखान्यातसुद्धा चपला दाराबाहेर काढाव्या लागतात. बाहेर पडताना श्रीधर भलत्याच कुणाच्या चपला घालून आले होते, दोन नंबर लहान, हिरव्या पट्ट्यांच्या, आणि आदल्या दिवसापासून त्याच घालून फिरत होते. टाचा मागे लोंबत होत्या. मी म्हटलं, "अहो, चपला कुणाच्या?" त्यांनी खाली पाहिलं आणि ते रडायला लागले. मी त्यांना तोपर्यंत दोनदाच रडताना पाहिलं होतं, दोन्ही वेळा घरात कुणी गेलं होतं. मग मला भीती वाटली. खरी भीती त्या क्षणी वाटली, तोपर्यंत नाही.

फॉर गुड

स्कॅननं शंका उरू दिली नाही. आठ दिवसांत आम्ही साउथहॅम्प्टनला. विकलेलं घर रस्त्यावरून दिसलं, तिथे कुणीतरी दार निळं रंगवलं होतं. आम्ही गोदीजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतला. क्रूझची बोट निघाली की भोंगा घरात ऐकू यायचा, आणि दर वेळी अर्धा क्षण मला फेरीच वाटायची.

हॉस्पिटलात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही परदेशात राहत होतात ना, आता इथे राहायला परत आलात का? इथे राहणाऱ्यांनाच उपचार फुकट मिळतात, म्हणून हा प्रश्न, आणि तो मला होता. श्रीधर म्हणाले, "यस. फॉर गुड." तिनं टिक केली. बरोबरच होतं, उपचार इथेच घ्यायचे होते, सगळं सोडूनच आलो होतो. पण माझी पोहायची पँट अजून तिथे दोरीवर वाळत होती. मला कुणी एका शब्दानं विचारलं असतं, तरी मी हेच उत्तर दिलं असतं. विचारलं नाही.

मग आत. कन्सल्टंट श्रीधरचे जुने सहकारी, त्यांच्याबरोबर एक तरुण रजिस्ट्रार, म्हणजे त्यांच्या हाताखालचा डॉक्टर. रजिस्ट्रारनं लिहून घ्यायला सुरुवात केली. पोट फुगतंय ते किती दिवस?

"सिक्स वीक्स," श्रीधर म्हणाले. "अबाउट सिक्स वीक्स."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. मला वाटलं, सांगावं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्या माणसांसमोर हा बत्तीस वर्षं ताठ मानेनं वावरला, त्यांच्यासमोर याचं नाक कापायचं? मी ते तसंच लिहू दिलं.

प्लेझंट लेडी

दहा दिवसांनी, कन्सल्टंटनी आमच्या फॅमिली डॉक्टरला लिहिलेल्या पत्राची प्रत घरी आली. "थँक यू फॉर रेफरिंग धिस व्हेरी प्लेझंट सिक्स्टी-वन-इयर-ओल्ड रिटायर्ड मेडिकल सेक्रेटरी, हू प्रेझेंट्स विथ अ सिक्स-वीक हिस्टरी..."

अशी वाक्यं मी हजारांनी टाइप केलेली आहेत. आमच्या ऑफिसात आम्ही बायका हसायचो, की जी पेशंट काही उलट बोलत नाही ती "प्लेझंट", आणि जी चार प्रश्न विचारते तिचं नुसतं वय लिहितात. आता मीच व्हेरी प्लेझंट होते. आणि माझे साडेसहा महिने त्या पत्रात कुठेच नव्हते. दम लागून अर्ध्या वाटेतून परत फिरलेल्या सकाळी, डाव्या कुशीवर न झोपलेल्या रात्री, दर रविवारी त्यांच्यापुढे ठेवलेली वही. ते सगळं झालंच नव्हतं, असं कागदावर ठरलं होतं.

कॅन्सर झाल्याचा मला राग आला नाही. त्या एका ओळीचा आला, आणि तो दिवसेंदिवस वाढत गेला. मला श्रीधरकडून काय हवं होतं, तर त्यांनी एकदा म्हणावं, सुलू, तू सांगत होतीस आणि मी चुकलो. बस. ते माझ्यासाठी सगळं करत होते, गोळ्यांचे तक्ते, ताप मोजणं, आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावून मुगाची खिचडी. तेवढं एक वाक्य सोडून.

गुरुवार

केमो गुरुवारी असायची, तीन आठवड्यांतून एकदा. पहिल्या दिवशी मी साडी नेसून गेले, का कोण जाणे. खिडकीजवळची खुर्ची मिळावी म्हणून सगळ्यांची धडपड असते, आणि ती मिळाली की दिवस बरा जातो, असल्या लहान गोष्टींवर माणूस जगतो तिथे. एक मल्याळी नर्स होती. ती शीर शोधताना सतत तिच्या आईच्या मीन करीबद्दल, म्हणजे माशाच्या कालवणाबद्दल बोलायची, आणि सुई कधी गेली ते कळायचं नाही. साडेदहाला चहाची गाडी. शेजारच्या खुर्चीतल्या आजी दर वेळी मला त्यांचं बिस्किट द्यायच्या, कारण त्यांना चॉकलेट चालत नव्हतं.

केस सतराव्या दिवशी गेले. तोंडाला सतत पैसे चोखल्यासारखी चव. भूक नाही, झोप नाही, आणि मधूनच उगाच सगळ्यांवर चिडचिड. हे सगळ्यांना होतं. तुम्हाला झालं तर स्वतःला वाईट समजू नका.

अदिती क्रॉयडनहून शनिवारी यायची. एका शनिवारी तिनं फ्रिजवर लावलेलं ते पत्र वाचलं. तिचं मराठी इथं वाढलेल्या मुलांचं, पण आमच्याशी ती हट्टानं मराठीतच बोलते.

"आई, सिक्स वीक्स? तू मला व्हॅलेंटाइन्सच्या वीकमध्ये सांगितली होतीस, माझा पँट बसत नाही म्हणून. आपण हसलो होतो. आय रिमेंबर."

मी म्हटलं, "जाऊ दे."

"का जाऊ दे? बाबा, हे चूक आहे. तू खोटा सांगितलास त्यांना?"

श्रीधर खिचडी ढवळत होते. त्यांनी गॅस बंद केला, कोट चढवला आणि बाहेर निघून गेले. दोन तास आले नाहीत. अदिती रडली. म्हणाली, "तू त्याला कायम वाचवतेस. तुझा कोण वाचवणार?"

मी तिला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. पण त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी फक्त माझ्या गोळ्यांबद्दल बोलायचे. दोन खोल्यांच्या घरात ते फार जड जातं. आजारापेक्षा मला त्याचाच जास्त थकवा यायचा.

दाराच्या अलीकडे

तीन केमो झाल्या आणि ऑपरेशनचा दिवस आला. मला भूल देणारी डॉक्टर एके काळी श्रीधरच्या हाताखाली शिकलेली. श्रीधर माझ्या ट्रॉलीबरोबर चालत चालत थेट आतल्या दारापर्यंत आले, सवयीनं. तिथे तिनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "नॉट टुडे, सर. टुडे यू आर द हजबंड."

ते थांबले. मी आडवी होते, मला त्यांचा चेहरा उलटा दिसत होता. बत्तीस वर्षं ते त्या दाराच्या पलीकडे होते आणि दर वेळी कुणाचा तरी नवरा अलीकडे उभा असायचा. त्यांना म्हणायचं काहीतरी होतं. ओठ हलले. पण ट्रॉली पुढे गेली.

ऑपरेशनला साडेपाच तास लागले. नंतर अदितीनं सांगितलं की बाबा तेवढा वेळ एका जागी बसून होते आणि तिनं आणून दिलेलं सँडविच त्यांच्या हातात तसंच होतं. तिनं ते काढून घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसली.

खोकं

राहिलेल्या तीन केमो चालू असताना थायलंडहून पी नॉयचं खोकं आलं. बेटावरचं घर तिनंच आवरून मालकाला परत दिलं होतं. खोक्यात माझी पोहायची पँट, इस्त्री करून घडी घातलेली. आंबट फोडींची मोठी पिशवी. श्रीधरच्या चपला, त्यांच्या स्वतःच्या. दवाखान्यात जाऊन तिनं त्या शोधून आणल्या होत्या! आणि तळाशी हत्तीची वही. मी ती तिथे कपाटात टाकून आले होते, मुद्दामच.

मी एक फोड तोंडात टाकली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तोंडाला चव आली. मी रडले, मग आणखी एक खाल्ली, आणि दमून झोपायला गेले.

चारच्या सुमारास उठून बाहेर आले तर श्रीधर जेवणाच्या टेबलाशी बसलेले आणि पुढ्यात वही उघडी. शेवटचं पान. दर रविवारी चाळलेली वही त्यांनी त्या दुपारी पहिल्यांदा वाचली. मला पाहून ते उठले नाहीत, वहीही मिटली नाही. मी वाट बघितली. ते म्हणाले, "चहा करू?"

मी हो म्हटलं. चहा प्याले. आता काही होणार नाही, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं, आणि खरं सांगते, माझ्या मनात येऊन गेलं की बरी झाले तर मी एकटीच बेटावर निघून जाईन.

वही टेबलावर

उपचार संपल्यावरचा स्कॅन झाला आणि आम्ही निकालाला गेलो. तेच कन्सल्टंट, तोच रजिस्ट्रार. अदितीही होती. स्कॅनमध्ये काही दिसत नाही, ते म्हणाले. दर तीन महिन्यांनी यायचं. अदितीनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. कन्सल्टंट उठायला लागले.

"वन मिनिट," श्रीधर म्हणाले.

त्यांनी पिशवीतून हत्तीची वही काढली आणि टेबलावर ठेवली. मला वाटलं हे आता औषधाचं काहीतरी विचारणार. ते उभे राहिले, केस प्रेझेंट करताना डॉक्टर उभे राहतात तसे, आणि इंग्रजीत म्हणाले, "पहिल्या भेटीत मी दिलेली हिस्टरी चुकीची आहे. सहा आठवडे नाही. आठ महिने. ती पहिल्या आठवड्यापासून सांगत होती. मी तिला तपासलं नाही. पोटाला हातसुद्धा लावला नाही. नुसत्या गोळ्या देत राहिलो. हे सगळं इथे तारखांसकट तिच्या अक्षरात आहे. रेकॉर्ड दुरुस्त करावं, ही विनंती."

कन्सल्टंट हळू आवाजात म्हणाले, "श्रीधर, लवकर कळलं असतं तर फरक पडला असता की नाही, कुणीच सांगू शकत नाही."

"आय नो," श्रीधर म्हणाले. "पण ती सांगत होती, हे तर सांगता येतं."

रजिस्ट्रारनं वही उघडली. मराठीत होती, त्याला कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही सांगाल का, सुरुवातीपासून? आणि मी सांगितलं. फेब्रुवारीपासून, पंचवीस मिनिटं. कुणी मध्ये बोललं नाही. श्रीधर खाली बसून ऐकत होते.

निघताना कन्सल्टंटनी विचारलं, परत थायलंडला जायचा विचार आहे का? श्रीधरनी तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आधी तीन आठवड्यांसाठी. पुढचं मग बघू.

पत्र

नवं पत्र गेल्या मंगळवारी आलं. तिकिटं काढून झाली होती, मी बॅगेत पँट भरत होते. श्रीधरनी पाकीट न उघडता मला दिलं. मी म्हटलं, "तुम्हीच वाचा. मराठीत वाचा."

त्यांचं वैद्यकातलं सगळं इंग्रजीत झालेलं, त्यामुळे एकेक शब्द शोधत, अडखळत वाचायला लागले. "या बासष्ट वर्षांच्या बाईंना..."

"प्लेझंट नाही लिहिलं?"

"नाही. नुसतं वय आहे." मग पुढे. "पोट फुगण्याचा त्रास आठ महिने होता, सहा आठवडे नव्हे. आधीची नोंद चुकीची होती. पेशंटनं हा त्रास सुरुवातीपासून वारंवार सांगितला होता." ते थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. "तिच्या नवऱ्यानं ऐकलं नाही. त्याचं चुकलं."

मी पत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि बघितलं. "अहो, हे शेवटचं यात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," ते म्हणाले. "ते मी म्हणतोय."